अंगावर काही राहिलंय का?

सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ होतो. माझं काम रोज एकाच प्रश्नाने सुरू व्हायचं: "अंगावर काही राहिलंय का?" निवृत्तीनंतर या प्रश्नाशी आपला संबंध संपला, असं मी धरून चाललो होतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, चहाची कपबशी हातातून निसटली, आणि डॉक्टरांनी मानेचा एमआरआय लिहून दिला. चिठ्ठी खिशात घालून रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, की आयुष्यभर मी लोकांना ज्या बोगद्यात सरकवत आलो, त्यात मी स्वतः कधी झोपलेलोच नाही. आणि मला झोपायचंही नाही.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा, प्रेरणादायी असले तर उत्तम," असं सांगितलं होतं. प्रेरणा माझ्याकडे फारशी नाही. काळजी आहे, आणि ती मुबलक आहे. तेव्हा तीच देतो.

आधी यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. एमआरआय म्हणजे मुळात एक प्रचंड चुंबक. त्याच्या पोटात एक अरुंद बोगदा असतो, त्यात माणसाला आडवं करून आत सरकवतात आणि शरीराच्या आतल्या भागांच्या प्रतिमा घेतात. क्ष-किरण नसतात, दुखत नाही. फक्त हलायचं नाही, आणि आवाज सहन करायचा. आवाज म्हणाल तर साच्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मान टेकून झोपल्यासारखा. आपल्याकडच्या अर्ध्या पेशंटांना ही उपमा समजावून सांगावी लागत नसे.

लोकांना वाटतं, की फोटो काढताना चुंबक चालू होतो आणि नंतर बंद. तो बंद होत नाही. लाईट गेलेली असताना, विभागाला कुलूप असताना, आम्ही घरी भाकरी मोडत असताना तो चालूच असतो. देवाबद्दल असं बोललं जातं; चुंबकाबद्दल मी खात्रीने सांगू शकतो. आणि तो कुणाचीही पर्वा करत नाही. लोखंडाची वस्तू घेऊन आत पाऊल टाकलंत, की ती वस्तू तुमची राहत नाही. किल्ल्यांचा जुडगा हातातून सुटून गोळीसारखा जातो. चाकाची खुर्ची ओढली जाते. ऑक्सिजनचं नळकांडं आत गेलं तर काय होईल, याचा विचार मी जितका केला तितका माझ्या मुलांच्या भवितव्याचाही केला नसेल. आमची खरी नोकरी यंत्रावर नसते, दाराशी असते. माझी बायको म्हणायची, "पाहुणे आले तरी तुम्ही आधी त्यांच्या खिशांकडे बघता." खरंच बघायचो.

आणि सोलापूरचा माणूस अंगावर किती काय काय घालून हिंडतो! मंगळसूत्र, जोडवी, करदोटा. दंडात ताईत, मनगटात काळा दोरा, गळ्यात महाराजांचं लॉकेट, बोटात घोड्याच्या नालेची अंगठी. रुद्राक्ष असतो, क्रॉस असतो, दर्ग्यावरून आणलेली चांदीची पेटी असते. पण यंत्राचा खरा शत्रू यांपैकी कुणीच नाही. खरा शत्रू सेफ्टी पिन. आपल्या बायका मंगळसूत्रात पिना अडकवतात, ब्लाउजला आतून लावतात, परकराच्या नाडीत खोचतात, आणि विचारलं की ठामपणे सांगतात, "कायबी न्हाय." खोटं बोलत नाहीत त्या. पिन ही वस्तू त्यांच्या हिशेबी वस्तूच नसते, ती शरीराचा भाग असते.

काढलेल्या गोष्टी ठेवायला आमच्याकडे एक निळा प्लास्टिकचा ट्रे होता. मी नास्तिक आहे असं लोक म्हणतात. मी एवढंच म्हणेन, की मला अजून काही कळलेलं नाही आणि कळल्याचं सोंग आणता येत नाही. पण तो ट्रे मी रोज स्वतः धुवायचो, त्यात स्वच्छ पंचा अंथरायचो, आणि चपलांपासून लांब, उंचावर ठेवायचो. सर्वधर्मसमभावावर भाषणं पुष्कळ ऐकली. प्रत्यक्षात तो मी त्या ट्रेमध्येच पाहिला. एकदा घाईत दोन पेशंटांच्या नातेवाइकांनी आपापल्या माणसाचा समजून एकमेकांचा ताईत उचलून नेला. एक दर्ग्यावरचा, दुसरा कुठल्याशा मठातला. तिसऱ्या दिवशी दोघं धापा टाकत परत आले. पेशंट कसे आहेत विचारलं, तर दोघांनाही उतार पडला होता. पैकी एक म्हणाला, "आपलाच बरा साहब, उसका उसकू देव." त्याचंही बरोबरच होतं. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तू मोठ्याने नाव घेऊन परत द्यायला लागलो.

एकदा एक गुरुजी आले. शहरात त्यांचं शिबिर चालू होतं, विषय 'साक्षीभाव'. जे घडतं ते लांबून शांतपणे पाहायचं, चिकटायचं नाही, असं काहीसं. पाठदुखीसाठी स्वतःच्या पायांनी चालत आले, पण बरोबर शुभ्र कपड्यांतला एवढा मोठा जथा, की लिफ्टला तीन खेपा कराव्या लागल्या. एका शिष्येने दारात गुलाबपाणी शिंपडलं. दुसऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी सहा-सहा तास निश्चल बसतात. तुमचं मशीनच थकेल."

आत झोपलेल्या माणसाच्या हातात आम्ही एक रबरी फुगा देतो. घाबरल्यासारखं झालं, की दाबायचा. गुरुजी हसून म्हणाले, "त्याची आवश्यकता नाही." मी तरीही हातात ठेवला. पलंग आत सरकला, आणि यंत्राचा आवाज सुरू होण्याच्या आधीच फुगा वाजला.

बाहेर काढलं तेव्हा कपाळ घामाने भिजलं होतं. मला आतून हसू फुटत होतं, हे खरं. घरी जाऊन बायकोला कसं सांगायचं, याची वाक्यंही जुळायला लागली होती. एवढ्यात ते उठून बसले, दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाकीचे लोक कसं करतात हो?"

मी म्हटलं, "घाबरतात."

"आणि मग?"

"मग घाबरलेलेच पडून राहतात. घाबरायला मनाई नाही, हलायला मनाई आहे."

त्यांनी कपाळ पुसलं. मग "बघू," म्हणून पुन्हा आडवे झाले. या वेळी फुगा आपणहून मागून घेतला. पूर्ण वेळ पडून राहिले, थरथरत, पण राहिले. बाहेर पडल्यावर शिष्यांना काय सांगितलं असेल ते असो. मला जाताना त्यांनी नमस्कार केला, तो शिबिरातला नव्हता. ती गोष्ट मी बायकोला सांगितली, पण ठरवलेल्या वाक्यांत नाही.

या सगळ्यांत मला आजकाल सारखी आठवते ती नागव्वा.

अक्कलकोटकडच्या खेड्यातली सत्तरीची बाई. दोन दिवसांपासून तिचे पाय हळूहळू लुळे पडत चालले होते. आदल्या दिवशी धरून चालत होती, त्या दिवशी सकाळी उभी राहीना. पाठीच्या मणक्यात काहीतरी मज्जारज्जूला दाबतंय, हे सर्जनना दिसत होतं. नेमकं कुठे, ते प्रतिमा पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यांचा फोन आला: "दुपारच्या आत फोटो हवेत. जितका उशीर, तितकी पायांतली ताकद कमी परत येणार. संध्याकाळनंतर मी काही सांगू शकत नाही."

नागव्वाला स्ट्रेचरवरून आणलं. बरोबर मुलगा मल्लिनाथ. मी नेहमीचा प्रश्न विचारला. जोडवी निघाली, बांगड्या निघाल्या, सगळं ट्रेमध्ये गेलं. गळ्यात दोऱ्याला बांधलेली एक चांदीची डबी राहिली. तिच्यात इष्टलिंग. लिंगायत घरांत दीक्षेच्या वेळी गुरू ते देतात, आणि ते जन्मभर अंगावरून दूर करायचं नसतं.

"ही डबीपण काढावी लागेल, आजी."

तिने डबीवर हात ठेवला. "बेडा," म्हणाली. मला कानडी येत नाही, पण या शब्दाचा अर्थ चेहऱ्यावरून कळतो. नको.

"आगं, काडू दे की आई," मल्लिनाथ म्हणाला. "आर्ध्या तासाचा तर प्रश्न हाय."

"बाळंतपनात काडलं न्हाय. तुजा बाप गेला त्या दिवशी काडलं न्हाय. आता हितं ह्या मशीनसाटी काडू व्हय? पाय गेलं तर जाऊ द्यात. बसून र्‍हाईन."

हे ती चिडून बोलली असती, तर मला समजूत घालता आली असती. ती अगदी शांतपणे बोलली. तिने दोन्ही गोष्टी समोर ठेवून तोलल्या होत्या, आणि पाय हलके भरले होते.

मल्लिनाथने मला दाराशी ओढलं. "साहेब, गुंगीचं इंजेक्शन द्या. मग हळूच काडू, झालं की परत घालू. तिला कळनार बी न्हाय." त्याचे डोळे लाल झाले होते. "मी तिला उचलून न्हीन ओ जन्मभर. पन ती उचलू देनार न्हाय. मला म्हाईत हाय ती."

तो चुकीचं सांगत होता असं मला आजही म्हणवत नाही. मीही दोन मिनिटं तोच विचार करत होतो. पण भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ हवे होते, ते ऑपरेशनमध्ये अडकलेले. बाईने सकाळी चहा-भाकरी खाल्लेली. आणि समजा हे सगळं जमलं असतं, तरी शुद्धीवर आल्यावर तिने मला नक्की विचारलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही. हा सद्गुण नाही, माझा चेहरा तसा आहे.

घड्याळ भिंतीवर होतं. त्याच्याकडे न पाहण्याचा मी खूप प्रयत्न करत होतो. स्ट्रेचरजवळ जाऊन मी तिचा तळपाय दाबला. "कळतंय?"

"काय?"

म्हणजे कळत नव्हतं.

तिने मात्र मलाच प्रश्न केला. "यप्पा, तुज्या अंगावर काय हाय?" यप्पा म्हणजे बापा. आपल्या मुलालाही ती अशीच हाक मारत होती.

"काही नाही, आजी."

"दोराबी न्हाय?"

"नाही."

"मग रात्री झोप येती तुला?"

"येत नाही," मी म्हटलं. आणि ती हसली. बोळक्या तोंडाने, मनापासून. मल्लिनाथ आमच्याकडे वेड्यांकडे पाहावं तसं पाहायला लागला.

त्या हसण्याने मला जरा सुचायला जागा झाली असावी. मी म्हटलं, "आजी, मला माहीत नाही म्हणून विचारतो. रोज पूजा करताना लिंग डबीतच असतं?"

"डबीत कसं? भाईर काडायचं. डाव्या हातावर घ्यायचं, त्याच्याकडं बघत बसायचं."

"मग तेव्हा ते अंगावरनं उतरलं असं होत नाही?"

तिने माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहिलं. शाळा शिकलेल्या माणसांकडे पाहायची तिची ती नजर असावी. "हात काय अंगाला न्हाय व्हय?"

मी तसाच आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना फोन केला. त्या नियमांच्या बाबतीत माझ्याहून भित्र्या, म्हणजे चांगल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "आत दगड असतो ना? काहीही करू नका, मी येते." आल्या, आणि तपासायचा छोटा चुंबक स्वतः हातात घेतला. नागव्वाने डबी स्वतःच उघडली, लिंग डाव्या तळव्यावर घेतलं. काळं, गुळगुळीत, लहानशा अंड्याएवढं. त्याच्यावर कसला तरी लेप असतो. मॅडमनी चुंबक त्याच्याभोवती फिरवला, स्पर्श न करता. ओढ नाही. पुन्हा फिरवला. नाही. रिकाम्या डबीला लावला. नाही. आणि सहज म्हणून दोऱ्यावरून नेला, तर दोरा टुणकन उडून चुंबकाला चिकटला.

गाठीच्या आत सेफ्टी पिन होती.

"सुनंनं लावली आसंल," नागव्वा म्हणाली. "गाट सैल झालती."

मल्लिनाथ मटकन खाली बसला. मी त्याला दोष देत नाही. मलाही बसावंसं वाटत होतं.

दोरा आणि डबी ट्रेमध्ये गेली. मॅडम म्हणाल्या, "चालेल. पण ते घरंगळायला नको. आत कुठे अडकलं तर पुन्हा सगळं थांबवावं लागेल." मी मऊ बँडेज आणलं. तळव्यावर लिंग, त्यावरून सैलसर पट्टी, असा बेत.

"बांदू नको," नागव्वा म्हणाली.

"आजी, पलंग सरकतो. मशीन हादरतं. पडलं म्हणजे?"

"पडलं तर पडलं. पूजंत मूट वळत न्हाईत, यप्पा. बांदून ठिवलं तर ती पूजा न्हवं."

माझा पेच वाचकांच्या लक्षात आला असेल. जी बाई हे गळ्यातून काढायच्या ऐवजी पाय द्यायला तयार होती, तीच आता ते उघड्या तळव्यावर ठेवून थरथरत्या यंत्रात जायला निघाली होती, आणि पडलं तर पडलं म्हणत होती. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, ते त्यांपैकी एकातही नीट लिहिलेलं नाही.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी कानांत बोळे घातले आणि आत तिच्या पायांशी उभा राहिलो. पलंग सरकला. तिथून मला तिचा डावा हात दिसत होता, मांडीशेजारी, तळवा वर.

त्यानंतरचा वेळ माझ्या नोकरीतला सगळ्यात लांब होता. यंत्र सुरू झालं. ठकठक, मग करकर, मग तो हाडांत शिरणारा खणखणाट. मी त्या तळव्यावरून नजर हलवली नाही. एकदा वाटलं लिंग सरकलं. सरकलं नव्हतं, माझाच डोळा फडफडला होता. ते पडलं असतं तर उचलायचं कुणी? मी हात लावलेला चालला असता का? तिने मान वळवली असती, हलली असती, आणि सगळं पहिल्यापासून? आणि तेवढा वेळ होता का? तिचे पाय माझ्या अगदी समोर होते, दोन लाकडी ओंडक्यांसारखे. मी एका नास्तिकाला शोभणार नाही इतक्या कळकळीने त्या दगडाला म्हणत होतो, "थांब बाबा, जागेवर थांब."

तळवा हलला नाही. बोटंही वळली नाहीत. श्वास चालू आहे की नाही, अशी शंका यावी इतकी ती स्थिर होती.

बाहेर मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या. "काय स्वच्छ आल्यात," एवढंच म्हणाल्या आणि सर्जनना फोन लावला. दाब कुठे आहे ते स्पष्ट दिसत होतं. मी ट्रे घेऊन गेलो आणि नेहमीप्रमाणे नावं घेत एकेक वस्तू परत केली: जोडवी, बांगड्या, दोरा, डबी. पिन तेवढी ठेवून घेतली. दुपारीच तिला ऑपरेशनला नेलं. तिथे हातात काय ठेवू दिलं, ते मला ठाऊक नाही.

आमच्या कामात पुढचं सहसा कळत नाही. माणसं आतून बाहेरून दाखवून निघून जातात. पण नागव्वा काही महिन्यांनी पुन्हा तपासणीसाठी आली. डावा पाय चांगला सुधारला होता, उजवा ओढत होती. हातात वॉकर, बाजूला मल्लिनाथ, आणि त्याचा हात ती सारखी झिडकारत होती. "सून आता पिन लावत न्हाय, टाका घालती," तिने आल्याआल्या सांगितलं. मग माझ्याकडे बारकाईने पाहून विचारलं, "यप्पा, झोप येती का आता?"

"नाही, आजी."

"आसू दे," म्हणाली. जणू काही ते फार वाईट नव्हतं.

तर, माझी मान.

ठरलेल्या दिवशी मी माझ्याच जुन्या विभागात गेलो. आता तिथे रेश्मा काम बघते. ती माझ्या हाताखाली शिकलेली. मी तिला दाराशी उभं राहायला शिकवलं. तिने तो प्रश्न विचारला, आणि माझ्याच सुरात विचारला.

"सर, अंगावर काही राहिलंय का?"

"काही नाही."

"नक्की?"

तिने चष्मा काढायला लावला. विसरलो होतो.

पलंग आत गेला. छत नाकाला टेकल्यासारखं. जगात इतकी कमी हवा असेल, असं मला वाटलं नव्हतं. ज्या लोकांना इतकी वर्षं मी "काही नाही, पाचदहा मिनिटं डोळे मिटा," असं सांगत होतो, त्या सगळ्यांची मनातल्या मनात क्षमा मागितली. मग मुंग्या आलेली बोटं आठवली, मणक्यातला दाब आठवला, दोन ओंडके आठवले. फोटोत काय निघेल? उद्या हात उचलता येईल का? परवा पाय? आवाज सुरू झाला आणि मी मान वळवून दार कुठे आहे ते पाहायचा प्रयत्न केला.

"सर," स्पीकरमधून रेश्माचा आवाज. "तुम्ही हललात. परत घ्यावं लागेल." थोडं थांबून, "सर, बाहेर काढू का?"

मी फुग्यावरची मूठ सोडली. फुगा छातीवर ठेवला. डावा हात मांडीशेजारी नेला आणि तळवा वर केला. त्यात ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि आता शोधून सापडणारही नव्हतं. भीती होती तिथेच होती. बोटं मिटायला बघत होती, मी ती मिटू दिली नाहीत, एवढंच.

"नको. घे."

पुन्हा ठकठक सुरू झाली, मग करकर, मग खणखणाट. मी पडून राहिलो. केव्हा तरी आवाज थांबला.

पलंग बाहेर आल्यावर रेश्मा वाकून माझ्या हाताकडे बघत होती. तपासण्याचीच तिची नजर होती, मीच शिकवलेली. "सर, हात असा का धरलाय? हातात काही आहे का?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि तो हात तसाच तिच्यापुढे केला. "बघ."